दिवसभर उन्हातच असते मी

कल्पना करा, तुम्हाला एका पंचावन्न वर्षांच्या बाईंना दुचाकी शिकवायची आहे. बाईंनी जन्मात सायकलला हात लावलेला नाही. गाडी सुरू झाली की त्या डोळे मिटतात. तुम्ही मागचा लोखंडी दांडा डाव्या हातानं घट्ट धरायचा, उजवा हात त्यांच्या खांद्याजवळ तयार ठेवायचा आणि गाडीच्या मागे पळायचं. पळता पळता बोलत राहायचं, कारण तुमचा आवाज थांबला की बाई मागे वळून बघणार, आणि मागे वळल्या की गाडी भिंतीकडे जाणार. घाबरलेला माणूस हातात असेल ते आवळतो. त्यांच्या हातात ॲक्सिलरेटर आहे. म्हणजे त्या घाबरल्या की गाडी उडी घेणार, आणि तुम्ही टाचा मातीत रोवून गाडी, बाई आणि बाईंची पर्स असं सगळं वजन मागे खेचायचं. एवढं करून आवाज गोड ठेवायचा. "छान! जमतंय छान! आता ब्रेक. ब्रेक! अहो, ब्रेक म्हणतेय मी!"

श्यामलाताईंचं काम हेच. कोथरूडमध्ये एका शाळेमागच्या मैदानात त्या बायकांना गाडी शिकवतात. पुण्यात दुचाकीला नुसतं 'गाडी' म्हणतात, आणि ज्या बाईला ती येत नाही तिचं भाजी आणणंसुद्धा दुसऱ्याच्या सवडीवर चालतं. त्यामुळे ताईंना विद्यार्थिनींची कधी कमतरता पडली नाही. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुली, सुनेला विचारायचा कंटाळा आलेल्या सासवा, सासूला विचारायचा कंटाळा आलेल्या सुना. कित्येक जणींनी एकाच मैदानात, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न सांगता गाडी शिकून घेतली आहे.

ताई मूळच्या लोणी काळभोरच्या. लग्न होऊन कोथरूडच्या जुन्या गावठाणातल्या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यांचं, आप्पासाहेबांचं, शेत होतं. पुढे त्या शेतावर सोसायटी उभी राहिली आणि घरातली सगळी त्याच सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर राहायला गेली. नवरा बजरंग बांधकामाचं सामान पोचवणारा टेम्पो चालवतो. ताईंनी गाडी शिकवायला सुरुवात केली ती शेजारणीच्या आग्रहानं, आणि मग तोच धंदा झाला.

ही गोष्ट ज्या वर्षाची आहे, त्या वर्षी ताई सेहेचाळीसच्या होत्या आणि त्यांचे पाय जात चालले होते.

सुरुवात पावसाळ्यात झाली. मांड्या जड वाटायच्या. कमरेत, बरगड्यांत ठणका. जिना चढताना कठडा धरावा लागायचा. वय झालं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग गौरींच्या हळदीकुंकवाला शेजारी गेल्या, सतरंजीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना. दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावरून चढत त्या उभ्या राहिल्या. "पायाला मुंग्या आल्या," असं हसून म्हणाल्या. पण त्यानंतर कोणाकडे गेल्या की खाली बसेनात. "मी उभीच बरी, लगेच निघायचंय." दोनचार जणींनी याचा अर्थ श्यामलाला आता शिष्टपणा आला असा काढला.

मैदानावरही त्यांनी युक्त्या सुरू केल्या. वजनानं हलक्या मुली तेवढ्या स्वतः घ्यायच्या, जाड बायकांना "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचं. पळायच्या ऐवजी मैदानाच्या मधोमध उभं राहून ओरडून शिकवायचं. चाल बदलली होती. बदकासारखी, दोन्ही बाजूंना झुलत. एक ओळखीची बाई एकदा काळजीनं म्हणाली, "आमच्या आत्याचं अस्संच सुरू झालं होतं. स्नायूंचा आजार निघाला. दोन वर्षांत चाकाच्या खुर्चीत."

ते वाक्य ताईंच्या पोटात जाऊन बसलं. फोनवर शोधलं तर जे वाचायला मिळालं त्यानं उरलीसुरली झोप गेली. पाय गेले की काम गेलं, एवढीच भीती नव्हती. ज्या बाईच्या अख्ख्या आयुष्याचा पाया 'माझी मी जाते' हा होता, तिला आता उठवायला, बसवायला, न्यायला, आणायला कोणीतरी लागणार होतं. घरात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

आप्पासाहेबांना न सांगता दिसलं. ते ऐंशीच्या घरात, पण जिना खाडखाड उतरणारे.

"सूनबाई, पाय वापरात न्हाईत तुझं," ते म्हणाले. "कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायची तरी गाडी. पायाला वाटलं आसंल, आपलं हितं काय काम हाय."

"आप्पा, मी दिवसभर पळते बायकांच्या मागं."

"मग त्या पळवत्यात तुला. निराळं काय?"

शेवटी दिवाळीनंतर ताई एका डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट तपासलं, आहार विचारला, आणि मग विचारलं, "उन्हात जाणं होतं का?"

ताईंना हसू आलं. "दिवसभर उन्हातच असते मी, डॉक्टर. मैदानावर शिकवते."

"मग तो प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नसांच्या तज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली.

ताईंचं उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि तरी साफ चूक होतं. ते कसं, हे समजायला ताईंचा मैदानावरचा पोशाख डोळ्यांसमोर आणावा लागेल. पुण्याबाहेरच्या वाचकांना कदाचित खरं वाटणार नाही, पण पुणेकरांना त्यात नवल नाही. डोक्यावरून घेऊन नाकाभोवती, गालांभोवती गुंडाळून मानेमागे गाठ मारलेला मोठा सुती स्कार्फ. त्यावर गॉगल. अंगात ड्रेसवर गुडघ्यापर्यंतचा, मनगटापर्यंत बाह्यांचा पांढरा सनकोट. बाह्या जिथे संपतात तिथून हातमोजे. पायांत अंगठ्याची खाच असलेले मोजे. उन्हानं काळं पडायला नको, धूळ नको, धूर नको, ओळखीचं कोणी भेटून गप्पा मारायला नकोत, अशी या पोशाखाची नाना कारणं आहेत. ताईंचा रंग सावळा. लग्न ठरताना त्यावरून जे ऐकावं लागलं होतं ते त्या विसरल्या नव्हत्या. गाडीवर बसल्या तेव्हापासून त्या हा पोशाख घालत आल्या होत्या, आणि मैदानावरही तो कधी उतरत नव्हता. मात्र दवाखान्यात शिरताना स्कार्फ, गॉगल, कोट, मोजे सगळं काढून डिकीत ठेवलं होतं. डॉक्टरांसमोर असं कोण बसतं? त्यामुळे डॉक्टरांना दिसल्या त्या साध्या ड्रेसमधल्या, दिवसभर मैदानावर काम करणाऱ्या बाई.

चिठ्ठी घेऊन ताई घरी आल्या आणि तज्ज्ञांकडे गेल्या नाहीत. गेलंच नाही तर आजार निघणारच नाही, असं त्या काळात त्यांना मनापासून वाटत होतं.

डिसेंबरात त्यांच्याकडे डॉक्टर सुहासिनीबाई शिकायला आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर. तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उंच, बांध्यानं भक्कम, बोलणं तुटक. ताईंनी "पुढच्या महिन्यात" म्हणून पाहिलं.

"पुढच्या महिन्यात मी बारीक होणार नाहीये," बाई म्हणाल्या. "उद्या किती वाजता येऊ?"

पहिले काही दिवस बरे गेले. बाई सांगितलेलं ऐकत होत्या, फक्त वळताना गाडीशी भांडत होत्या. एका सकाळी मैदानाच्या कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं. बाईंनी घाबरून मूठ आवळली, गाडी उसळली. ताईंनी नेहमीसारख्या टाचा रोवल्या, पण मांड्यांनी साथच दिली नाही. गाडी एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला आणि ताई मधोमध मातीत.

कुत्रं निघून गेलं. बाई उठल्या, साडीची माती झटकली, गाडीची चावी बंद केली. ताई बसूनच.

"लागलं का कुठे?"

"नाही, नाही. उठते ना." ताई एका कुशीवर वळल्या, हात टेकले, मग गुडघे, मग एक हात मांडीवर, दुसरा हात मांडीवर. अर्ध्यावर तोल गेला आणि पुन्हा खाली बसल्या.

सुहासिनीबाई मदतीला वाकल्या नाहीत. त्या टक लावून बघत होत्या.

"पुन्हा उठा," त्या म्हणाल्या.

"अहो, हात द्या की!"

"देते. आधी एकदा उठून दाखवा. असंच, आत्ता उठत होतात तसं."

ताईंना राग आला. पण शिकवणाऱ्या बाईला विद्यार्थिनीनं आज्ञा करावी, हे इतकं अचानक झालं की त्या खरंच पुन्हा उठायला लागल्या. बाईंनी शेवटी हात दिला आणि त्यांना कट्ट्यावर नेऊन बसवलं.

"हे कधीपासून?"

आणि मग, घरात कोणाला न सांगितलेलं सगळं ताईंनी त्या कट्ट्यावर सांगून टाकलं. स्कार्फमधून. गॉगलमधून. आत्याची चाकाची खुर्ची, नसांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं.

"पहिल्या डॉक्टरांनी उन्हाचं विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हटलं, दिवसभर उन्हातच असते मी."

सुहासिनीबाईंनी ताईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "श्यामलाताई, मी आठ दिवस झाले तुमच्याकडे येतेय. तुमचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही."

ताईंचा हात स्कार्फच्या गाठीकडे गेला.

"रस्त्यात भेटलात तर मी तुम्हाला ओळखणार नाही. मी ओळखते तो कोट. उन्हात तुम्ही नसता, तुमचा कोट असतो. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे?"

"आहे."

"त्यावर ताडपत्री टाकली तर पाणी तापेल?"

बाईंनी पुढे जे समजावलं ते असं. उघड्या त्वचेवर ऊन पडलं की त्वचा एक जीवनसत्त्व तयार करते, ड जीवनसत्त्व. ते नसेल तर खाल्लेलं दूधदही पोटातून हाडांपर्यंत नीट पोचत नाही. हाडं मऊ पडतात, दुखतात, आणि मांड्यांचे, खांद्यांचे मोठे स्नायू दुबळे होतात. कपड्यातून ते ऊन आत जात नाही. सावळ्या त्वचेला तर गोऱ्यापेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. "लहान मुलांत याला मुडदूस म्हणतात. मी आयुष्यभर मुडदूस झालेली मुलं बघितली. ती अशीच स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठतात. मोठ्या माणसाला असं उठताना आज पाहिलं. माझा अंदाज चुकूही शकतो. स्नायूंचा आजार नाहीच, असं मी मैदानात बसून सांगणार नाही. पण आधी रक्त तपासा. आजच."

तपासणीत ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. बाकीचे आकडेही त्याच दिशेला बोट दाखवत होते. ताई तो कागद घेऊन आधीच्या डॉक्टरांकडे गेल्या, या वेळी कोट, स्कार्फ, मोजे सगळं अंगावर ठेवून. डॉक्टरांनी मान वर केली, बघितलं, कागद बघितला, पुन्हा ताईंकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मी 'उन्हात जाता का' एवढंच विचारलं," ते म्हणाले. "आता 'काय घालून जाता' हेही विचारत जाईन." दर आठवड्याला दुधातून घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी, सोबत कॅल्शियमच्या गोळ्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि ऊन. नसांच्या तज्ज्ञांची घाई नाही, म्हणाले. पाय सुधारले नाहीत तर बघू.

त्या दिवशी ताई घरी आल्या आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडल्या. बजरंग घाबरला. "काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"ऊन घ्यायला सांगितलंय."

"आणि?"

"आणि दूध."

"एवढंच? मग रडतीस कशाला?"

"एवढंच आहे म्हणून," ताई म्हणाल्या. मग मात्र त्यांनी गेल्या चार महिन्यांचं सगळं सांगितलं, आणि नंतर रडायची पाळी बजरंगची होती.

आता प्रश्न आला, ऊन आणायचं कुठून? कोथरूडमध्ये ऊन भरपूर आहे, पण बाह्या वर करून बसायला त्यात जागा नाही. सोसायटीच्या गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरींचं म्हणणं, एकीला दिली तर सगळे पापड घेऊन येतील. मैदानावर कोट काढावा तर शिकवताना लाज, आणि चारी बाजूंना गॅलऱ्या. म्हणून ताई पहिल्यांदा घरच्याच गॅलरीत बसल्या. ती सगळ्यांसारखी त्यांनीही काचा लावून बंद केलेली होती. दोन तास काचेतून छान ऊब आली. सुहासिनीबाईंना उत्साहानं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "काचेतून उजेड येतो, ऊब येते. तुम्हाला हवं ते बाहेरच थांबतं."

"मग टेकडीवर चल," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्यासंगं."

आप्पा वर्षानुवर्षं म्हातोबाच्या टेकडीवर जात. शेत होतं तेव्हा गुरांमागे, शेत गेल्यावर नुसतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सुनेला उठवलं. आप्पांच्या डोक्याला माकडटोपी, अंगात स्वेटर, वर शाल. ताईंना थंडी वाजत होती म्हणून त्यांनी सवयीनं कोट आणि स्कार्फ चढवला. अंधारात दोघं चढली. ताई चार पावलं चढायच्या आणि थांबायच्या. वरती पोचून देवळाशी टेकल्या, पाणी प्यायल्या, आप्पांनी ओळखीच्या दोघातिघांना रामराम केला, आणि पूर्वेला तांबडं फुटायला लागलं तशी सगळी मंडळी भराभर खाली उतरायला लागली. पुण्यात टेकडीवर जायची ही रीत आहे. सूर्य वर यायच्या आत खाली येऊन चहा घ्यायचा.

मैदानावर बाईंनी विचारलं, "गेलात का टेकडीवर?"

"गेले ना. आप्पांबरोबर. दिवस उगवायच्या आत परत."

"वा. मग ऊन कोणी घेतलं?"

ताईंनी घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं तेव्हा आप्पासाहेब चांगलेच उखडले. "उन्हात कोण फिरतंय? ऊन काम करायला आस्तंय, फिरायला न्हाई. जल्मभर उन्हात राबलो, आता म्हातारपणी तिथंच जाऊन बसू व्हय?"

"तुम्ही नका बसू, आप्पा. तुम्ही झाडाखाली बसा. मी उन्हात बसते."

"लोक काय म्हणतील? म्हातारा सावलीत आन् सून उन्हात!"

तरी ते गेले, कारण दुपारच्या सुमारास टेकडीवर शुकशुकाट असतो आणि ताईंना एकटीला पाठवायचं त्यांना पटेना. बाईंनी वेळेची खूण साधी सांगितली होती. स्वतःची सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. हात, पाय, चेहरा उघडा. कातडी चुरचुरायच्या आत सावलीत. आणि पुडी चुकवायची नाही. पहाटेचं फिरणंही वाया नाही, म्हणाल्या. उगवतीचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला दिवस सुरू झाल्याचं कळतं आणि रात्री झोप वेळेवर येते. फक्त हाडांना त्याचा उपयोग नाही.

सकाळची शिकवणी संपली की दोघं निघायची. देवळापलीकडे, जिथून झाडी दाट होते, तिथे एका सपाट खडकावर ताईंनी पहिल्यांदा कोट काढला, मोजे काढले, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. स्वतःचेच हात त्यांना परके दिसले. फिकट, मऊ. आप्पा धावड्याच्या झाडाच्या सावलीत पाठ करून बसले.

पहिले काही दिवस ताई खडकावर पेशंटसारख्या बसायच्या. हात पुढे, तळवे वर, लक्ष सावलीवर. मग कंटाळा आला आणि त्यांनी आजूबाजूला बघायला सुरुवात केली. गिरिपुष्पाच्या शेंगा उन्हानं तडकून फुटायच्या, तो आवाज आधी कसला ते कळेना. तांबट पक्षी एकसुरी टुक टुक करत राहायचा. एकदा दाट झाडीतून मोर बाहेर आला, दोघांकडे बघितलं आणि काहीच विशेष नाही असं ठरवून निघून गेला. खाली सगळं कोथरूड पसरलेलं असायचं, पण हॉर्न वर पोचेपर्यंत बारीक व्हायचे. आप्पा पाठ करूनच बोलत राहायचे. कुठे विहीर होती, कुठे बैल बिथरला होता, कुठल्या बांधावरून कोणाशी कोर्टकचेरी झाली. ऊन पुरेसं झालं की ताईही झाडाखाली येऊन बसायच्या, आणि बऱ्याचदा काही न करता तशाच बसायच्या.

परत येताना त्या वाटेत थांबायच्या त्या दमल्या म्हणून, की निघायचं नव्हतं म्हणून, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.

आणि झोप यायला लागली. हे सगळ्यात आधी. दोनतीन आठवड्यांतच. मग एका संध्याकाळी भांडी लावताना त्यांच्या लक्षात आलं, की आज दिवसभरात चाकाची खुर्ची एकदाही डोळ्यांसमोर आली नाही. पाय तसेच होते. जिन्यात कठडा लागतच होता. खालून उठताना हात टेकावे लागतच होते. पण पोटात जो गोळा असायचा, तो नव्हता.

पाय सावकाश आले. आधी हाडांचा ठणका कमी झाला. मग जिन्यातला कठडा सुटला. फेब्रुवारीत टेकडीवर गणेराच्या पानं गळालेल्या फांद्यांना पिवळी फुलं आली, तोपर्यंत ताई न थांबता वरपर्यंत चढत होत्या आणि थांबायची पाळी आप्पांची होती.

"जरा दमानं," आप्पा म्हणायचे. "तुला बरं करून मी मरायचो."

"पाय वापरात ठेवा, आप्पा."

होळीच्या आधी सुहासिनीबाई गाडीच्या परीक्षेला बसणार होत्या. आदल्या दिवशीच्या सरावाला ताईंनी मागचा दांडा धरला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाल्या. चेहरा उघडा, बाह्या वर, केस विस्कटलेले. शेवटी त्यांनी दांडा सोडून दिला आणि तरी गाडीच्या मागे पळत राहिल्या, बाईंना कळू नये म्हणून बोलत बोलत. बाईंनी वळण घेतलं, परत आल्या, ब्रेक लावला.

"सोडला होतात ना?"

"केव्हाच."

बाई उतरल्या. दोघी कट्ट्याशेजारी मातीतच बसल्या. निघायची वेळ झाली तेव्हा ताई उठल्या. उठून, माती झटकून, गाडी स्टँडवर लावून परत वळल्या तेव्हा बाई खालीच बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"काय झालं?"

"हात कुठे टेकलेत तुम्ही?"

ताईंनी हात बघितले. तळव्यांना माती नव्हती.

पुढच्या तपासणीत आकडे चांगले आले. डॉक्टरांनी पुडी महिन्यातून एकदा केली. नसांच्या तज्ज्ञांची चिठ्ठी त्यांनी स्वतः मागून घेतली आणि फाडली. मैदानावर जाड बायकांना आता ताई लगेच घेतात, आणि आणखी एक गोष्ट करतात. नवी विद्यार्थिनी स्कार्फ, गॉगल, कोट, मोजे अशी नखशिखांत गुंडाळून आली, की आधी विचारतात, "खाली बसून उठताना त्रास होतो का हो?" बायका चक्रावतात. गाडी शिकायला आलो की दवाखान्यात, असं एकीनं ऐकवलंही. पण त्यांतल्या दोघीतिघी दुसऱ्या दिवशी हळूच येऊन "होतो" म्हणाल्या, आणि ताईंनी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना काय घालून जायचं, हे बजावून.

टेकडी सुटलेली नाही. पावसात ऊन नसतं तेव्हाही त्या जातात. बजरंग चिडवतो, "आता हाडं बरी झाली, आता कसलं ऊन घेतीस?" ताई चपला घालून निघतात.

मागच्या खेपेला सुहासिनीबाई स्वतःच्या गाडीवरून घरी आल्या, तेव्हा ताईंनी चहा पुढे केला आणि विचारलं. बरेच दिवस मनात होतं म्हणाल्या.

"मॅडम, हाडं पुडीनं आणि उन्हानं भरली. ते पटलं. त्याला तीन महिने लागले, तेही पटलं. पण भीती आधीच गेली. पाय तसेच होते, कागदावर आकडा तोच असणार, आणि माझी भीती गेली. ती कशानं?"

बाईंनी चहा खाली ठेवला. झाडांत वेळ घालवला की नाडी संथ होते, रक्तदाब उतरतो, मनात तेच तेच फिरणारं कमी होतं, असं बऱ्याच ठिकाणी मोजून पाहिलंय, म्हणाल्या. पुरेशी झोप मिळाली की भीती लहान होते, हेही खरं. आणि आजाराला नाव मिळालं, उपाय मिळाला, त्यानंही निम्मी भीती गेली असेल.

"नाव तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं," ताई म्हणाल्या. "त्यानंतरही रात्र रात्र जागीच होते मी. म्हणजे झाडांनी?"

"असेल."

"की उन्हानं?"

"तेही असेल."

आप्पासाहेब आतून ओरडले, "माझ्या बोलण्यानं! कुनी इचारतंय का मला?"

दोघी हसल्या. पण ताईंनी प्रश्न सोडला नाही. "थट्टा नाही, मॅडम. माझ्याकडे नव्या नव्या बाया येतात. हाडं मऊ पडलेल्या थोड्या, पण पोटात गोळा घेऊन आलेल्या पुष्कळ. पुडीचं माप डॉक्टर सांगतात, उन्हाचं सावली सांगते. झाडांचं माप कोण सांगणार? किती वेळ, कुठल्या झाडाखाली, बोलत की गप्प? मला जे मिळालं ते मी त्यांना नेमकं काय म्हणून देऊ?"